बाबांबरोबर ईदा लाइनवर: आधी जागा, मग गाड्या

बाबा नोव्हेंबरात महिनाभर आमच्याकडे हामामात्सुला राहायला येणार हे ठरलं, तेव्हा मी हौसेने यादी करून ठेवली होती. क्योतोची देवळं, फुजी, हिरोशिमा. डोंबिवलीहून फोनवर त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, "ते सगळं ठीक. पण तुमच्या बाजूला डोंगरात जुन्या गाड्यांची एक बाग होती ना गं? उघड्यावर उभ्या केलेल्या?"

बाबा कुर्ला कारशेडमध्ये चौतीस वर्षं फिटर होते, २०१० साली निवृत्त झाले. शेडमधल्या एका साहेबांनी पूर्वी कधीतरी जपानहून कॅलेंडर आणलं होतं. त्यातल्या एका पानावर गोल नाकाची, खाली झालर लावल्यासारखी दिसणारी जुनी इलेक्ट्रिक गाडी होती, मागे डोंगर. ते पान बरीच वर्षं त्यांच्या लॉकरच्या दाराला आतून चिकटवलेलं होतं म्हणे. आईला हे माहीत होतं. मला नव्हतं.

शोधल्यावर बाग सापडली. साकुमा रेल पार्क. ईदा लाइनवरच्या चूबू-तेनर्यू स्टेशनाला खेटून, १९९१ च्या एप्रिलमध्ये उघडलेली आणि १ नोव्हेंबर २००९ ला कायमची बंद झालेली. गंमत म्हणजे २००५ च्या विलीनीकरणापासून साकुमा आमच्याच हामामात्सु महापालिकेत आहे. पण रेल्वेने जायचं तर आधी शेजारच्या आइची प्रीफेक्चरमधल्या (प्रीफेक्चर म्हणजे इथला प्रांत) तोयोहाशीला जाऊन तिथून उलटं डोंगरात शिरावं लागतं.

"बंद आहे बाबा ते," मी सांगितलं.

"बंद म्हणजे? गाड्या भंगारात गेल्या?"

"नाही, बऱ्याचशा नागोयाच्या नव्या म्युझियममध्ये नेल्यात."

"मग झालं तर. आधी जागा बघू, मग गाड्या बघू."

नवऱ्याला सुट्टी नव्हती. माझी चार दिवसांची रजा मंजूर झाली आणि आम्ही दोघंच निघालो.

पहिला दिवस: तोयोहाशी

हामामात्सु ते तोयोहाशी साध्या गाडीने अर्ध्या तासाचा रस्ता. दुपारी पोचलो, हॉटेलात बॅगा टाकल्या. मी म्हटलं आराम करा, तर बाबा स्टेशनाबाहेरच्या ट्रामकडे बघत उभे. ही ट्राम जुलै १९२५ मध्ये सुरू झालेली. मी मोबाइलवर वाचून दाखवलं, तर लगेच उत्तर: "आपली व्हीटी ते कुर्ला हार्बर, ३ फेब्रुवारी १९२५. पाच महिन्यांनी आपण थोरले." हे त्यांनी इतक्या गंभीरपणे सांगितलं की शेजारच्या आजींनी आमच्याकडे वळून पाहिलं.

इहारा नावाच्या थांब्यापाशी ही ट्राम एका चौकात काटकोनात वळते. त्या वळणाची त्रिज्या फक्त ११ मीटर, जपानमधलं सगळ्यात तीव्र रेल्वे वळण. मला वाटलं एकदा बघू आणि निघू. आम्ही तिथे पाऊण तास उभे होतो. ट्राम वळताना डब्याचं तोंड रुळांच्या बाहेर इतकं पुढे येतं की आता पदपथावर चढणार असं वाटतं. मग चाकं किंचाळतात. बाबा डोळे मिटून तो आवाज ऐकत होते. "फ्लँज घासतोय," म्हणाले. "पण बेताने. कोणीतरी तेल-पाणी बघतंय." तिसऱ्या ट्रामच्या ड्रायव्हरने आमच्याकडे बघून टोपीला हात लावला. बाबांनी सलाम केला.

इथे एक अडचण सांगून टाकते, कारण घरातली ज्येष्ठ मंडळी इकडे येतात तेव्हा ती सगळ्यांनाच येते. बाबा माळकरी आहेत. मासे चालत नाहीत, आणि जपानमध्ये ज्या पदार्थात मासा दिसत नाही त्यातही तो असतो. 'दाशी' म्हणजे बहुतेक रश्श्यांचा पाया, आणि तो वाळवलेल्या बोनितो माशाचा असतो. नुसतं "मांस नको" सांगून भागत नाही. मी एका कार्डावर "मांस, मासे, माशाचं दाशी चालत नाही, शिताके आणि कोंबूचं चालतं" असं जपानीत लिहून ते लॅमिनेट करून घेतलंय. ते दाखवलं की माणसं आत जाऊन आचाऱ्याला विचारून येतात. शिवाय मेतकूट, दाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं बरोबर ठेवावं. साधा भात कुठेही मिळतो.

तोयोहाशी करी उदोनसाठी प्रसिद्ध आहे. उदोन म्हणजे गव्हाच्या जाड शेवया. वाडग्यात तळाला भात, त्यावर किसलेल्या कंदाचा चिकट थर, त्यावर उदोन आणि करी. मी खाल्लं. बाबांनी भात आणि मेतकूट.

दुसरा दिवस: तोयोहाशी ते चूबू-तेनर्यू

ईदा लाइन तोयोहाशीपासून उत्तरेला तात्सुनोपर्यंत १९५.७ किलोमीटर जाते आणि तेवढ्यात ९४ स्टेशनं आहेत. साध्या गाडीने पूर्ण करायला सहा-सात तास लागतात. इतकी स्टेशनं का, तर ही मुळात चार खाजगी कंपन्यांची चार तुकड्यांत बांधलेली लाइन. गावोगावी थांबा देणं हा त्यांचा धंदाच होता. १९४३ मध्ये सरकारने चारही ताब्यात घेऊन एक केल्या.

बाबांचा आनंद वेगळ्याच गोष्टीचा. इथली ओव्हरहेड वायर १५०० व्होल्ट डीसी. "आपलीच वायर!" मुंबईतली शेवटची डीसी हार्बरवर २०१६ मध्ये गेली, त्याआधीच बाबा निवृत्त झालेले. म्हणजे त्यांचं अख्खं आयुष्य पंधराशेवर गेलं. रूळ मात्र अरुंद, १०६७ मिलिमीटर. दोन डब्यांची गाडी बघून म्हणाले, "खेळण्यातली आहे, पण चालते गुळगुळीत."

तोयोकावा, शिनशिरोपर्यंत शाळकरी मुलं आणि सपाट शेतं. मग डोंगर जवळ येतात, गाडी रिकामी होते. युया-ओन्सेनपाशी नदीचं पात्र एकसंध खडकाचं आहे, फळ्या अंथरल्यासारखं, म्हणून त्या भागाला 'इताजिकी-गावा' म्हणजे फळ्यांची नदी म्हणतात. उतारावर मेपल लाल झाले होते, पण सगळे नव्हेत. मधेच एखादं झाड पेटलेलं, बाकी हिरवंगार जपानी देवदाराचं जंगल. तोएइ स्टेशनची इमारत राक्षसाच्या मुखवट्यासारखी आहे. या भागात हिवाळ्यात 'हाना मात्सुरी' असते, रात्रभर राक्षसांचे मुखवटे घालून नाचतात, त्यावरून. बाबा म्हणाले, "दशावतारात शोभेल."

दोन तासांनी चूबू-तेनर्यू. उतरणारे आम्ही दोघं आणि एक सायकलवाला.

आणि इथे माझी चूक झाली. पुढे मिसाकुबोला जाणारी गाडी तासाभराने आहे असं मी घरी बघून ठेवलं होतं. फलाटावरच्या वेळापत्रकात बघितलं तर पुढची गाडी अडीच तासांनी. दोष पूर्ण माझा. तुम्ही जाल तेव्हा या लाइनवर प्रत्येक उतरण्याआधी "पुढची गाडी किती वाजता" हे लिहून ठेवा. इथे "मिळेल एखादी" हा मुंबईचा हिशोब चालत नाही.

बाबा मात्र खूश. "अडीच तास? झकास. दाखव बाग."

बाग म्हणजे आता फलाटाच्या पलीकडे लांबट मोकळी जागा. गुडघाभर वाळलेलं गवत, मधे खडी, कुंपण. आत जायला बंदी, म्हणून आम्ही फलाटावरून आणि मग रस्त्यावरून असं दोन बाजूंनी बघितलं. एक पाटीही नाही की इथे अमुक होतं. मला खरं तर रडूच आलं थोडंसं. मी मनात अख्खं म्युझियम उभं केलं होतं, निदान एखादा डबा तरी राहिला असेल असं.

मी मोबाइलवर जुने फोटो उघडले आणि आम्ही गाड्या मनानेच उभ्या करायला लागलो. इथे कुमोहा ५२, म्हणजे कॅलेंडरवरची गोल नाकवाली. तिकडे किहा १८१, डिझेलची एक्सप्रेस. जुने झोपण्याचे डबे. आणि ओया ३१ नावाचा एक विलक्षण डबा, ज्याच्या अंगातून चहूबाजूंनी काटे बाहेर येत. बोगदे आणि फलाट गाडीला घासणार नाहीत ना हे मोजण्याचा डबा. त्याला रेल्वेवाले 'ओइरान गाडी' म्हणत, कारण पूर्वीच्या काळच्या ओइरान गणिका केसात अशाच असंख्य पिना खोचायच्या. बाबा हसले. "आमच्याकडे असलं नाव ठेवलं असतं तर चार्जशीट मिळाली असती."

आम्ही असे कुंपणाला नाक लावून उभे असताना एक आजोबा शेतातली टोपली घेऊन आले. काय शोधताय, विचारलं. मी सांगितलं, वडील भारतात रेल्वेत होते, बाग बघायला आलेत. आजोबांनी टोपली खाली ठेवली. बाग होती तेव्हा नातवाला घेऊन दर रविवारी येत असत. ते म्हणाले ती गोष्ट मला फार आवडली: कुमोहा ५२ इथे उभी होती ती दुसरीकडून आणून ठेवलेली शोभेची वस्तू नव्हती. ती गाडी याच लाइनवर धावायची, ते स्वतः तिच्यातून तोयोहाशीला शाळेच्या सहलीला गेले होते. "ती उभी असायची आणि शेजारून तिची नातवंडं जायची," असं काहीसं ते म्हणाले, शेजारच्या रुळांकडे हात करून.

मी ते बाबांना मराठीत सांगितलं, माझ्या आवाजात जरा जास्तच भावना आली असावी. बाबांनी मान हलवली आणि म्हणाले, "त्यांना विचार, छप्पर होतं का?"

छप्पर नव्हतं. सगळं उघड्यावर.

"मग बरं झालं नेल्या ते."

मला राग आला. बाबा म्हणाले, "अगं, तू पावसाळ्यात कुर्ल्याला उभे केलेले जुने डबे बघितले नाहीस. खिडकीच्या खालच्या कडेला पाणी साठतं, आतून पत्रा खाल्ला जातो, बाहेरून रंग छान दिसतो. बोट घालायचं आणि बोट आरपार." यावर आमचा वाद झाला तो पुढचे दोन दिवस चालू राहिला. माझं म्हणणं, गाडी तिच्या लाइनीच्या काठावरच शोभते. त्यांचं म्हणणं, शोभायला आधी उरली पाहिजे.

आजोबांनी टोपलीतली चार पर्सिमन आमच्या हातात ठेवली आणि गेले. बाबांनी एक लगेच पुसून खाल्लं. "चिकू आणि आंब्याच्या मधलं काहीतरी."

उरलेला वेळ तेनर्यू नदीकाठी. समोर साकुमा वीज केंद्र आहे, डोंगरावरून उतरणारे जाडजूड पाइप दिसतात. साकुमा धरण इथून थोडं वर, १५५.५ मीटर उंच, अमेरिकेहून अवजड यंत्रं आणून तीन वर्षांत बांधून १९५६ मध्ये पूर्ण केलेलं. त्या कामात जवळपास शंभर माणसं गेली. जपानच्या पूर्व अर्ध्या भागात वीज ५० हर्ट्झ आणि पश्चिमेला ६० हर्ट्झ, आणि त्या दोघांना जोडणारं कन्व्हर्टर स्टेशन १९६५ मध्ये याच साकुमात उभं राहिलं. एका देशात दोन फ्रिक्वेन्सी हे बाबांना पटेना. "असं कसं?" सुरुवातीला तोक्योने जनरेटर जर्मनीहून घेतले आणि ओसाकाने अमेरिकेहून, म्हणून. "म्हणजे खरेदी विभागाची करामत," बाबा म्हणाले, आणि एकदम सगळं समजल्यासारखे शांत झाले.

संध्याकाळी मिसाकुबोला एका मिनशुकुत, म्हणजे घरातच चालवलेल्या छोट्या लॉजमध्ये, उतरलो. बाई साठीच्या. कार्ड वाचलं, दोन मिनिटं विचार केला आणि म्हणाल्या, मग गोहेइ-मोची करते. भात अर्धवट कांडून चपट्या काठीवर लांबोळका थापतात, निखाऱ्यावर भाजतात, वरून मिसो, साखर, अक्रोड आणि तीळ यांचं वाटण लावून पुन्हा भाजतात. त्यांनी मला आत बोलावून वाटण दाखवलं, दाशी नाही हे बघून घे म्हणाल्या. कडेने मिसो करपला की जो वास येतो तो थेट आपल्या चुलीवर भाजलेल्या शेंगदाण्याच्या चटणीच्या दिशेचा. बाबांनी तीन खाल्ल्या. शेवटी पातळ चहा आणि तोची-मोची, म्हणजे रानातल्या एका कडू बीची मोची. ते बी राखेच्या पाण्यात कितीतरी दिवस मुरवून कडूपणा काढावा लागतो. रात्री पत्र्यावर पाऊस वाजत होता. बाबांनी अंधारात विचारलं, "उद्या गाडी चालेल ना?"

तिसरा दिवस: दरीतून ईदा

गाडी चालली. (या लाइनवर मुसळधार पावसात गाड्या थांबवतात, म्हणून पावसाळी दिवसात पुढचं कुठलंही घट्ट आरक्षण करू नका.)

आधी उलटं दोन स्टेशनं मागे शिरोनिशीला गेलो, केवळ एक पूल बघायला. शिरोनिशी आणि मुकाइचिबाच्या मधे रेल्वे नदीवर जाते, सुमारे ४०० मीटरचा वळणदार पूल, आणि पलीकडच्या काठाला न लागता परत त्याच काठावर येते. लोक त्याला 'न ओलांडणारा पूल' म्हणतात. बोगदा काढायचा ठरला होता, पण इथून जपानची मोठी भूभ्रंश रेषा जाते, खडक भुसभुशीत, बोगदा टिकेना. मग डोंगर टाळायला नदीवरून वळसा. ड्रायव्हरच्या मागे उभं राहिलं की हा सगळा खेळ समोर दिसतो. बाबा पुढच्या काचेला हात लावून उभे, मी त्यांच्या मागे. एका छोट्या मुलाने जागा मागितली, बाबांनी निम्मी दिली, पूर्ण नाही.

मुळात लाइन इथून जातच नव्हती. साकुमा धरणाच्या पाण्याखाली जुना रस्ता बुडणार म्हणून १९५५ मध्ये साकुमा ते ओझोरे हा तुकडा मिसाकुबोच्या बाजूने नव्याने काढला. पाच किलोमीटरच्या बोगद्यातून बाहेर पडलं की ओझोरे, आणि एकदम खाली धरणाचं हिरवट, न हलणारं पाणी. त्याच्या तळाशी जुने रूळमार्ग आहेत. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत.

पुढचं कोवादा स्टेशन तीन प्रीफेक्चरांच्या सीमेवर, आणि तिथे मोटाररस्ता जात नाही. पाण्याची वाफ आणि देवदार. १९९३ मध्ये युवराजांचं लग्न मासाको ओवादा यांच्याशी ठरलं, तेव्हा नावाची चित्रलिपी तीच म्हणून हे निर्जन स्टेशन एकदम गाजलं होतं. आमच्या गाडीतून दोन पोरं कॅमेरे घेऊन उतरली. त्यांच्याकडे बघून बाबा म्हणाले, "पुढच्या गाडीची वेळ लिहून घेतली का विचार त्यांना." टोमणा मला होता.

या दरीतली लाइन सान्शिन रेल्वे नावाच्या कंपनीने बांधली आणि १९३७ मध्ये पूर्ण केली. इथले कडे इतके सरळ की मोजणी करायला माणसं मिळेनात. शेवटी होक्काइदोहून कावामुरा कानेतो या आइनू (तिथल्या मूळ रहिवाशांपैकी) मोजणीदाराला त्याच्या आइनू सहकाऱ्यांसह बोलावलं. दोर बांधून, कड्यावर लटकून त्यांनी मोजणी केली, पुढे बांधकामावरही ते होते. आइनूंना तेव्हा मुख्य भूमीवर माणसं तुच्छ लेखत, हाताखालचे मजूरही कावामुराचं ऐकायला नाखूश असत. हे मी बाबांना वाचून दाखवत होते आणि खिडकीबाहेर तोच कडा, हातभर अंतरावर. ते म्हणाले, "साखळी धरायला किती जण होते, लिहिलंय का?" लिहिलेलं नव्हतं. "ते कधीच लिहीत नाहीत."

तेनर्यूक्योनंतर दरी उघडते आणि उजेड येतो. ईदात उतरलो तेव्हा ऊन पडलं होतं. स्टेशनापासून चालत जायच्या अंतरावर रस्त्याच्या मधोमध सफरचंदांची रांग आहे. एप्रिल १९४७ च्या आगीत हे शहर बहुतांश जळालं. नंतर १९५३ मध्ये इथल्या माध्यमिक शाळेच्या मुलांनी ही झाडं लावली, आणि आजही त्याच शाळेची मुलं राखतात. नोव्हेंबरात झाडं लाल फळांनी लगडलेली, हाताच्या उंचीवर, आणि कुणीही तोडत नाही. बाबांनी एका फळाखाली हात नेला, वजन केल्यासारखा, आणि काढून घेतला. "दादरला अर्ध्या तासात संपली असती." खरंय, मी नाही म्हणणार नाही.

ईदापर्यंत १२९.३ किलोमीटर झाले. पुढे तात्सुनोपर्यंत जायची बाबांची फार इच्छा होती, पण दुसऱ्या दिवशी म्युझियम आणि त्यानंतर माझं ऑफिस. म्हणून ईदाहून नागोयाची बस पकडली, दोन तासांचा रस्ता. बाबा नाराजीने बसले. बसमध्ये बसायचं म्हणजे त्यांना पक्षांतर केल्यासारखं वाटतं.

चौथा दिवस: नागोया

म्युझियमचं नाव एससीमॅग्लेव्ह अँड रेल्वे पार्क. साकुमाच्या गाड्या इथे आल्या आणि १४ मार्च २०११ ला हे उघडलं. नागोया स्टेशनवरून आओनामी लाइनने शेवटचं स्टेशन किंजो-फुतो, साधारण पंचवीस मिनिटं, तिथून दोन मिनिटं चालत. मंगळवारी बंद असतं, तेवढं बघून जा. आत जेवणाचे डबे मिळतात, माळकऱ्यांनी आपला डबा नेलेला बरा.

पहिल्या दालनात मुद्दाम अंधार ठेवलाय आणि त्यात तीन गाड्या: सी६२ वाफेचं इंजिन, जे १९५४ मध्ये ताशी १२९ किलोमीटर वेगाने धावलं; ३००एक्स ही प्रायोगिक शिंकानसेन (बुलेट ट्रेन), १९९६ मध्ये ४४३; आणि मॅग्लेव्ह, म्हणजे चुंबकाच्या जोरावर तरंगत धावणारी गाडी, २००३ मध्ये ५८१. लोक तिथे भारावून उभे होते. बाबांनी वाफेच्या इंजिनाचे दांडे बघितले, मॅग्लेव्हच्या खाली वाकून चाकं कुठे आहेत ते बघितलं आणि म्हणाले, "चल, आपली दाखव."

मोठ्या दालनात शिंकानसेनच्या रांगेला त्यांनी ओझरता मान दिला. पांढरी-निळी शून्य मालिका, म्हणजे पहिली शिंकानसेन, आणि रूळ-तारा तपासणारी पिवळी डॉक्टर यलो. माझ्या मुलीसाठी फोटो काढले. मग मागच्या रांगेत ती दिसली.

कुमोहा ५२. सायीचा रंग आणि मरून, १९३७ ची. 'कु' म्हणजे ड्रायव्हरची केबिन असलेला, 'मो' म्हणजे मोटर असलेला, 'हा' म्हणजे साध्या वर्गाचा. ओसाका-कोबे भागात जलद धावायला बांधलेली, युद्धानंतर इतरत्र फिरत १९५७ मध्ये ईदा लाइनवर आली आणि १९७८ पर्यंत त्या डोंगरात धावली. कॅलेंडरवर होती तशीच: कपाळ मागे झुकलेलं, दिवा मधोमध, आणि अंगाच्या खालच्या कडेपासून रुळांपर्यंत पत्र्याची झालर.

बाबा तिच्याभोवती पूर्ण फिरले. एकदा, मग उलट्या दिशेने. हात मागे बांधलेले, कारण "स्पर्श करू नका" असं लिहिलं होतं. मी वाट बघत होते की काहीतरी हळवं बोलतील. ते झालरीपाशी उकिडवे बसले आणि म्हणाले, "ही झालर त्यांनी वर्षा-दोन वर्षांत काढून टाकली असणार."

"का?"

"अगं, फिटरने आत शिरायचं कसं? ब्रेकब्लॉक बदलायचा, मोटरचे ब्रश बघायचे, तर दर वेळी हा पत्रा उघडायचा? कोणत्यातरी साहेबाने कागदावर काढलं सुंदर. शेडमधल्या माणसाला नाही विचारलं."

मी शोधलं. झालर खरंच काढून टाकली होती, युद्धाच्या काळात, देखभालीला अडचण होते म्हणून. जतन करताना ती पुन्हा बसवली. म्हणजे ईदा लाइनवर धावताना ही गाडी झालरीशिवायच होती. साकुमाच्या आजोबांनी तिला बिनझालरीची पाहिली असणार, सहलीला जाताना.

हे सांगितल्यावर बाबांच्या चेहऱ्यावर जो आनंद आला तो क्योतोच्या कुठल्याही देवळासमोर आला नसता.

मग किहा १८१. १९६८ ची, पाचशे अश्वशक्तीचं डिझेल इंजिन, चूओ लाइनच्या चढांवर 'शिनानो' एक्सप्रेस म्हणून धावलेली. तिचे रेडिएटर छतावर. बाबांनी वर बघितलं. "चढावर तापत असणार." तापत होती. हेही त्यांनी बरोबर सांगितल्यावर मी शोधणं सोडून दिलं.

एका कोपऱ्यात ईडी१८ हे चौकोनी तपकिरी इलेक्ट्रिक इंजिन आहे. इंग्लिश इलेक्ट्रिक कंपनीचं, १९२० च्या दशकात इंग्लंडहून आणलेलं. १९९२ ते २००५ याच इंजिनाने ईदा लाइनवर पर्यटकांची उघड्या डब्यांची गाडी ओढली, तोयोहाशी ते चूबू-तेनर्यू. कंपनीचं नाव ऐकून बाबा थांबले. १९५४-५५ मध्ये मध्य रेल्वेला मिळालेली डब्ल्यूसीएम-१ इंजिनं त्याच कंपनीची. "ही तर आपल्या घाटातल्या इंजिनाची मावशी निघाली." इथे मात्र त्यांनी पाटीकडे बघितलं, आजूबाजूला बघितलं, आणि एक बोट पायरीच्या दांड्याला लावलं. अर्धा सेकंद. मी काही बघितलं नाही.

लांब बाकावर बसून आम्ही मिनशुकुतल्या बाईंनी बांधून दिलेल्या गोहेइ-मोची खाल्ल्या, गार झालेल्या, तरी चांगल्या. समोर कुमोहा ५२ चं नाक. वर छप्पर, खाली चकचकीत फरशी, कुठेही तेलाचा थेंब नाही. मी म्हटलं, "तरी बाबा, शेजारून गाडी जात नाही इथे."

त्यांनी काठी चाटूनपुसून कागदात गुंडाळली. "नाही जात," म्हणाले. "आणि ती मोकळी जागा बघून मलाही बरं नाही वाटलं. पण आजच्या तारखेला मी तिच्यासमोर बसलोय की नाही?"

संध्याकाळी नागोयाहून 'कोदामा' शिंकानसेनने हामामात्सु. तोयोहाशी स्टेशन मागे गेलं तेव्हा खालच्या फलाटावर ईदा लाइनची दोन डब्यांची गाडी उभी होती, दिवे लागलेली. बाबांनी खिशातून वेळापत्रकाचा कागद काढला, तोच, ज्याच्यामुळे अडीच तास अडकलो होतो, आणि मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने वजाबाकी केली. एकशे पंच्याण्णव पूर्णांक सात वजा एकशे एकोणतीस पूर्णांक तीन.

"सहासष्ट किलोमीटर राहिले," म्हणाले. "तुला पुढची रजा कधी मिळते?"